कॉलियरचा धक्का

सिंगापूरमधील चार दिवसांपैकी तीन नातवंडांच्या हौसेत सरले. चौथ्या दिवशी, सगळी झोपलेली असताना, मी एकटीच कॉलियर की या रस्त्यावर गेले. 'की' म्हणजे आपला धक्का. मद्रास इंजिनिअर्सचे अधिकारी जॉर्ज कॉलियर यांच्या देखरेखीखाली 1864 मध्ये ही समुद्राची भिंत पुरी झाली, आणि रस्त्याला त्यांचे नाव लागले. त्या काळी येथील व्यापारी पेढ्यांच्या सज्जांतून दुर्बीण लावून येणारी गलबते न्याहाळत असत.

माझे बालपण माझगावात गेल्यामुळे धक्का म्हटला की खारट वारा आणि सुक्या मासळीचा वास यांची अपेक्षा असते. येथे कठड्यावर वाकून पाहिले, तर कशाचाच वास येत नव्हता, कारण 2008 मध्ये बांध घातल्यापासून या खाडीत गोडे पाणी साठवतात. सिंहमुखी मेरलायनच्या पुतळ्यापाशी सकाळीच छायाचित्रांसाठी एवढी रेटारेटी होती की, मला तेथून निघून जावेसे वाटले.

तरी पाय निघेना. ही भिंत कैद्यांच्या श्रमांतून उभी राहिली. बंगाल, मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्यातूनही काळ्या पाण्याची शिक्षा झालेली माणसे 1873 पर्यंत येथे राबत होती. आमच्या भाऊच्या धक्क्याला तो बांधणाऱ्या भाऊ अजिंक्यांचे नाव आहे, ते मुंबईकर रोज सहज घेतात. येथे ज्यांनी दगड वाहिले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला रस्ताभर कोठे दिसले नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटले.

म्हणून पुढे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलपर्यंत चालत गेले, कारण तेही त्याच कैद्यांनी बांधले आहे. शिंपल्यांचा चुना, अंड्यांचा पांढरा बलक आणि जाडी साखर एकत्र घोटून, नारळाची सोडणे भिजवलेल्या पाण्यात कालवून त्यांनी येथे गिलावा केला, असे कैद्यांवर नेमलेल्या अधिकाऱ्यानेच लिहून ठेवले आहे. चुना घोटण्याचे हे काम आमच्याकडेही जुन्या वाड्यांसाठी होत असे. एखादा गवंडी रत्नागिरीकडचा असेल का, या विचाराने मी एका खांबावर तळहात टेकला. वरून रंगाचे थर चढलेले असले तरी खांब गार आणि गुळगुळीत लागला. तेवढ्यात नातवाचा फोन आला की, विमानतळाची गाडी खाली येऊन थांबली आहे.