तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी न घालता ही बाग जगते कशी?

डेन्व्हरला, म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, आमच्याकडे कुणीही पहिल्यांदा आलं की हा प्रश्न ठरलेला. देशातून आलेली वडीलधारी माणसं म्हणतात, "अगं, झाडांना पाणी घालत नाहीस का?" इथली मराठी मंडळी जरा वळणाने विचारतात, "लॉन काढून टाकलंत? एचओए (वसाहतीतली घरमालकांची संघटना) काही बोलत नाही?" आणि ज्यांना बागेचा नाद आहे ते थेट मुद्द्यावर येतात: "उणे वीसमध्ये हे सगळं मरत नाही?" ड्राइव्हवेत उभ्याउभ्या याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा बसून लिहिते.

आधी पावसाचं. डेन्व्हरला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १४-१५ इंच पाणी पडतं, म्हणजे साडेतीनशे मिलीमीटरच्या थोडं वर. मी सोलापूरची. दुष्काळी म्हणून ज्याच्या नावाने सगळे नाक मुरडतात त्या सोलापुरात पाचशेच्या वर पडतो! पाहुण्यांना हे पटत नाही, कारण त्यांनी आमचे बर्फाचे फोटो पाहिलेले असतात. पण इथला बर्फ कोरडा, भुसभुशीत. दहा-बारा इंच साठलेला वितळला तरी हाती इंचभर पाणी येतं, आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडून त्यातलंही बरंच उडून जातं. पॅसिफिककडून येणारे ढग रॉकीजच्या पश्चिमेला रिकामे होतात आणि आम्ही पूर्वेला. सह्याद्रीच्या आडोशाला माणदेशाची जी गत, तीच आमची.

मग शेजारची हिरवीगार लॉन्स कुठून आली? डोंगरापलीकडून. डेन्व्हरचं जवळजवळ निम्मं पाणी रॉकीजच्या पश्चिम उतारावरून बोगद्यांतून आणलेलं आहे. त्यातला रॉबर्ट्स टनेल १९६२ साली पुरा झाला, तो ३७ किलोमीटर लांब आहे. एवढा डोंगर पोखरून आणलेलं पाणी आपण केंटकी ब्लूग्रासवर फवारायचं. नाव केंटकीचं असलं तरी ते गवत मूळचं युरोपातलं. माझ्या दारात त्याऐवजी ब्लू ग्रामा आहे. हे इथल्या माळरानाचं गवत, कोलोरॅडोचं अधिकृत राज्य-गवतही तेच. ते मे महिन्यात हिरवं होतं आणि ऑक्टोबरात पिवळं पडतं. हिवाळाभर ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. मार्चमध्ये येणाऱ्यांना तेच नेमकं वाळकं दिसतं आणि माझी कीव येते. मार्चमध्ये येऊच नका, जूनमध्ये या.

थंडीचं म्हणाल, तर इथल्या मूळच्या या झाडांना नुसत्या थंडीचं फारसं भय नाही. डिसेंबर २०२२ मध्ये डेन्व्हरचं तापमान तासाभरात वीस अंश सेल्सिअसने कोसळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उणे ३१ वर गेलं. आमच्या गल्लीतले कितीतरी गुलाब त्या थंडीत जमिनीपर्यंत जळाले. माझ्या निवडुंगाला काही झालं नाही. हो, निवडुंगच. फड्या निवडुंगाचाच जातभाई, फक्त बुटका. थंडीची चाहूल लागली की तो आपल्या अंगातलं पाणी कमी करतो. फडे सुरकुततात, जमिनीवर लोळतात, बघणाऱ्याला वाटतं संपला. पाणी कमी आणि उरलेला रस दाट, त्यामुळे गोठून पेशी फुटत नाहीत. मे उजाडला की पुन्हा टरटरीत, आणि जूनमध्ये पिवळी रेशमी फुलं.

या झाडांना मारते ती हिवाळ्यातली ओल. बुडाशी पाणी साचलं, ते रात्री गोठलं, दुपारी वितळलं, पुन्हा गोठलं की मूळ कुजतं. म्हणून आपल्याकडे बागेची जी जी माया शिकलो, ती इथे आवरावी लागते. शेणखत, कंपोस्ट काही नाही. खत घातलं की पेन्स्टेमन (इथलं एक रानफुलाचं झाड) उंच वाढतो, लुळा पडतो आणि लवकर मरतो. बुडाशी लाकडाचा भुसा किंवा साली पसरायच्या नाहीत, बारीक खडी पसरायची. आणि पानगळीत अंगण झाडून लख्ख करायचं नाही. वाळलेली ताटं तशीच उभी ठेवायची, कारण कोलोरॅडोत रानटी मधमाश्यांच्या नऊशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या काही या पोकळ काड्यांमध्येच घरं करतात. (मधाचं पोळं करणारी माशी वेगळी, ती युरोपातून आणलेली.) माझ्या सासूबाईंना हे शेवटचं कधीच रुचलं नाही. दिवाळीत दारापुढे वाळक्या काड्या म्हणजे काय!

मातीची गंमत वेगळीच आहे. आमच्या भागातली माती चिकण आणि खारवट, आणि तिच्यात बेंटोनाइट नावाच्या फुगणाऱ्या चिकणमातीचे थर. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. आपल्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला ती लगेच ओळखू येते, कारण दोन्हींत फुगणाऱ्या चिकणमातीचे खनिज एकाच कुळातले. आपल्याकडे ती लाव्हाच्या खडकातून झाली, इथे प्राचीन समुद्रात साचलेल्या ज्वालामुखीच्या राखेतून. ही माती फुगून घरांचे पाये तडकतात, म्हणून भिंतीलगत पाणी घालू नका असं इथे बजावून सांगतात. तिथे कमी पाण्याची झाडं लावणं ही हौस नाही, शहाणपण आहे. रानटी झाडं या मातीत खोल जातात. लायट्रिसची (हीही इथली एक रानफुलाची जात) मुळं दहा फुटांपर्यंत, कधी त्याहूनही खाली पोचतात. वरचा वीतभर थर सुकला तर तिला काय फरक पडतो?

आता "पाणी न घालता" हे अर्धसत्य, तेही सांगते. पहिली दोन वर्षं पाणी घालावंच लागतं, नियमाने, पण रोज शिंपडायचं नाही. एकदा भरपूर द्यायचं आणि मग वाळू द्यायचं, म्हणजे मुळं पाण्याच्या शोधात खाली जातात. नव्या झुडपांना तर हिवाळ्यातसुद्धा, बर्फ नसलेल्या कोरड्या महिन्यात, पाचेक अंशांच्या वर ऊन असलेला दिवस बघून एकदा पाणी लागतं. ही गोष्ट विसरून लोक वसंतात म्हणतात, थंडीने मेलं. ते तहानेने मेलेलं असतं.

नर्सरीत "कमी पाण्याचं" असं लिहिलेलं प्रत्येक झाड इथलं नसतं, हेही बघून घ्या. मर्टल स्पर्ज नावाचं निळसर पानांचं, चिकाचं झाड एकेकाळी लोक अशाच बागांत हौसेने लावत. आज कोलोरॅडोत ते उपटून टाकणं कायद्याने बंधनकारक आहे, इतकं ते रानात पसरलं. आणि चीक अंगाला लागला तर फोड येतात. उलट आपल्याकडे ज्याला शिव्या देतो तो फड्या निवडुंग मुळात या अमेरिका खंडाचा. इथे तो घरचा, दख्खनमध्ये उपरा.

एचओएचं उत्तर सोपं आहे. कमी पाण्याच्या बागेला सरसकट मनाई करणं त्यांना आता कायद्याने जमत नाही. २०२४ च्या कायद्याने तर दुकानं, कार्यालयं, रस्त्यांचे दुभाजक अशा ठिकाणी निव्वळ शोभेचं नवं लॉन लावणं २०२६ पासून बंद केलं. मात्र छपरावरचं पावसाचं पाणी साठवण्यावर अजून मर्यादा आहे: दर घराला दोन पिंपं, मिळून ११० गॅलन. २०१६ पर्यंत तेवढंही चालत नव्हतं, कारण पडणाऱ्या थेंबावर नदीच्या खालच्या अंगाच्या पाणीहक्कदारांचा आधीच दावा. देशातल्या पाहुण्यांना हे सांगितलं की बाग विसरून ते त्यावरच तासभर बोलतात.

सुरुवात कशाने करू, असं विचाराल तर निळ्या जवसाने. आपल्या चटणीतल्या जवसाची ही रानातली बहीण. सकाळी आकाशी फुलं उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी. पाठोपाठ पेन्स्टेमन, आणि दसऱ्याच्या सुमारास पिवळंधमक होणारं रॅबिटब्रशचं झुडूप. तुळस आणि कढीलिंब मात्र कुंडीतच, सप्टेंबरअखेर घरात.

बी विकत घेऊ नका, माझ्याकडे पुष्कळ आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या आणि कागदी पाकिटं आणा; प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. पेन्स्टेमनचं बी घरात उबेला पेरलंत तर बहुधा रुसून बसेल, त्याला ओली थंडी लागते. दिवाळी झाली की ट्रेमध्ये खडीमिश्रित मातीत पेरा, वर उंदीर-खारींसाठी जाळी टाका आणि ट्रे उत्तरेच्या भिंतीला बाहेर ठेवून द्या. एप्रिलमध्ये कोंब दिसले नाहीत तर फेकू नका. काही बिया दुसऱ्या वसंताची वाट बघतात.