करी रोडला उतरा, आणि ओपनर चुकवू नका

डोंबिवलीहून रॉक गिगला, म्हणजे बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाला, जायचं तर आधी परतीची लोकल ठरवायची. कोण वाजवणार, सोबत कोण, हे सगळं त्यानंतर. शनिवारी लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमधल्या अँटीसोशल या क्लबला जाऊन आलो. तीन बँड होते, तिन्ही स्वतःची गाणी वाजवणारे. पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतोय.

सेंट्रलवाल्यांनी दादरला उतरून टॅक्सी शोधत बसू नये. स्लो पकडून सरळ करी रोडला उतरावं. एल्फिन्स्टनच्या चेंगराचेंगरीनंतर लष्कराने जे पूल बांधून दिले, त्यातला एक इथे आहे. तिथून ना. म. जोशी मार्गाने रमतगमत गेलं तरी पंधराएक मिनिटांत कंपाउंडचं गेट येतं. वेस्टर्नवाल्यांना लोअर परळ स्टेशन. स्वतःची गाडी आणायच्या फंदात पडू नका, शनिवारी रात्री त्या गल्ल्यांत गाडी लावणं हा वेगळाच कार्यक्रम होतो. पोट मात्र स्टेशनजवळच भरून घ्या. क्लबमध्ये एका प्लेट फ्राइजला जे पैसे पडतात, त्यात बाहेर दोघांचं जेवण होतं.

या कंपाउंडला रॉक नवीन नाही. १९८२च्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकेक करत थंडावल्या आणि त्या जागांवर ऑफिसं नि बार आले. ब्लू फ्रॉग हा लाइव्ह संगीताचा क्लब २००७ मध्ये इथेच सुरू झाला आणि २०१६ पर्यंत चालला. त्याआधीची पिढी धोबीतलावच्या रंगभवनात उघड्यावर रॉक ऐकायची. ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव १९८६ पासून तिथलाच. पण शेजारी इस्पितळ आणि कॉलेज, त्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवन गप्प झालं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, बंदिस्त जागेला मुभा आहे. मुंबईचं रॉक चार भिंतींच्या आत का गेलं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आता वेळेचं. पोस्टरवर छापलेली वेळ दार उघडण्याची असते, पहिला सूर त्यानंतर बऱ्याच वेळाने लागतो. म्हणून लोक दहाला येतात आणि ओपनर, म्हणजे मुख्य बँडच्या आधी वाजवणारा पहिला बँड, हुकवतात. माझ्या मते पैसे तिथेच वसूल होतात. शनिवारचा पहिला बँड चार पोरांचा. मी नावही ऐकलं नव्हतं. समोर तीसेक माणसं, त्यातली निम्मी त्यांचीच मित्रमंडळी, आणि पहिल्या रांगेत एकाची आई, कानात कापूस घालून, मोबाइल उंच धरून. तिसऱ्या गाण्यात गिटारचा आवाजच गेला. गिटारवाला गुडघ्यावर बसून पेडलबोर्डच्या (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या पेडलांची पाटी) छोट्या केबली एकेक करून दाबून बघतोय आणि बास गिटारवाला-ड्रमर थांबायला तयार नाहीत. बासवाला चार सुरांवर घोळत राहिला, ड्रमरने हाय-हॅटची जोडझांज सोडून राइड ही मोठी झांज धरली, गायकाने कडवं नुसतं बोलून काढलं. क्लबच्या साउंडवाल्याने दुसरी केबल आणून दिली. गिटार परत आली ती नेमकी समेवर, आणि त्या तीस जणांनी केलेला गोंगाट नंतर भरल्या हॉलमध्येही झाला नाही. मधला बँड ठीकठाक. तालीम पक्की होती, पण गाणी एकाच साच्यातली.

उभं कुठे राहायचं? नवखे थेट स्टेजला चिकटतात. तिथे ड्रम आणि गिटारचे अँप्लिफायर कानावर आदळतात, पण गाण्याचे शब्द कळत नाहीत, कारण मोठे स्पीकर दोन्ही बाजूंनी तुमच्या डोक्यावरून आवाज मागे फेकत असतात. मिक्सिंग कन्सोलच्या जरा पुढे, मध्यावर उभे राहा. साउंड इंजिनिअर स्वतःच्या कानांनी तिथूनच तोल साधतो, म्हणजे सगळ्यात नीट मिश्रण तुम्हालाच मिळतं. बँड बदलताना पंधरा-वीस मिनिटं जातात. ड्रमसेट बहुधा क्लबचा असतो, पण स्नेअर ड्रम, झांजा आणि किक पेडल प्रत्येक ड्रमर आपापलं आणतो. ती लगबग बघण्यासारखी असते.

इअरप्लग न्या. केमिस्टकडे फोमचे मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. छोट्या खोलीत ड्रमसमोर उभं राहिलात तर ती ओलांडायला वेळ लागत नाही. दुसरं, आत शिरल्यावर बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघून ठेवा. डिसेंबर २०१७ मध्ये याच भागातल्या कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, त्यामुळे याला कुणी भित्रेपणा म्हणू नये. ओळखपत्र जवळ हवंच. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, आणि बऱ्याच गिगना २१ च्या खाली प्रवेशच नसतो. कॉलेजातल्या धाकट्या भावाला न्यायचं असेल तर तिकीट काढण्याआधी वयाची अट वाचा.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा, दारावर महाग पडतं. आणि बँड आवडला तर टी-शर्ट घ्या. स्ट्रीमिंगमधून या पोरांच्या हातात चहापाण्याचेही पैसे येत नाहीत, टी-शर्टचे मात्र थेट पडतात. ओपनरची पोरं सामान आवरून दाराशीच उभी असतात. गाणं आवडलं असं तोंडावर सांगितलंत तर लाजतात, पण पुढची गिग कुठे आहे तेही सांगतात. ‘एखादं हिंदी होऊन जाऊ दे’ असं ओरडू नका. शनिवारी एकाने ओरडून पाहिलं, आजूबाजूच्यांनीच त्याला गप्प केलं.

मुख्य बँड साडेदहानंतर चढला, चांगलाच वाजला. करी रोडला फास्ट थांबत नाही आणि बारानंतर स्लो मोजक्याच, तेव्हा एम-इंडिकेटर अ‍ॅप उघडून त्या दिवसाच्या गाड्या बघा. शनिवारी रात्री कधी कधी ब्लॉकही असतो. मी शेवटून दुसऱ्या गाण्याला निघतो, एन्कोरवर, म्हणजे शेवटी आग्रहाखातर वाजवतात त्या जादा गाण्यावर, पाणी सोडतो. चौघं असाल तर शेवटपर्यंत थांबा, डोंबिवलीपर्यंतची कॅब वाटून घेतली की परवडते.