रामकुंडावर ड्रोन नको रे
काल नाशिकला गोदावरीवरच्या रामकुंडावर आरतीच्या गर्दीत एकाने ड्रोन अगदी डोक्यावरून नेला, शेजारच्या आज्जींनी घाबरून नातवाला जवळ ओढलं आणि मला खरंच राग आला. अरे, २५० ग्रॅमचा असला तरी पाती जोरात फिरतात, बॅटरी संपली तर खाली माणसं आहेत ना! आणि तिथे बायका अंघोळ करतात, कोणी अस्थी विसर्जनाला आलेलं असतं, रडत असतं, त्यांच्यावर कॅमेरा कसा काय धरवतो?

मीपण उडवतो, पण गावाबाहेर, शेतमालकाला विचारून, आधी डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा बघून, कारण आपल्याकडे देवळालीला लष्कर, ओझरला विमानतळ. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे नकाशावर मोकळीक असलेल्या हिरव्या भागातसुद्धा परवानगीशिवाय ४०० फुटांपर्यंतच. त्या ड्रोनवाल्याला जाऊन हे सांगितलं, त्याने लगेच उतरवला.