३ टक्क्यांवरून राष्ट्राध्यक्षपदापर्यंत

आज दिवसभर श्रीलंकेच्या २०२४ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीच्या निकालाचे आकडे घेऊन बसलो होतो. अनुरा कुमारा दिसानायके यांना २०१९ मध्ये ३.१६ टक्के मतं होती, सप्टेंबर २०२४ मध्ये ४२.३१! चाचण्यांत ते पुढे दिसू लागले तेव्हा जुन्या लोकांना त्यांच्या जेव्हीपी या डाव्या पक्षाची १९७१ आणि १९८७-८९ ची बंडं आठवत होती. ती धास्ती खरीच होती. पण २०२२ च्या आर्थिक संकटात गॅस-पेट्रोलच्या रांगेत ताटकळलेल्यांचा जुन्या पक्षांवरचा विश्वास पार उडाला होता.

खरी गोम मतपत्रिकेत आहे. आपल्याकडच्या पदवीधर मतदारसंघासारखे तिथेही पसंतीक्रम लिहायचे, १, २, ३. नुसती एका नावापुढे फुली मारली तरी चालते, दोन फुल्या मारल्या की मत बाद. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली तर पहिले दोघे उरतात आणि बाकीच्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी-तिसरी पसंती मोजतात. ही वेळ त्या देशात पहिल्यांदाच आली.

अशा मतपत्रिका होत्या ३३,२१,६६६. त्यातून दोघांना मिळून मिळाली फक्त २,७३,१३१ मतं! म्हणजे बहुतेकांनी एकच नाव निवडलं, किंवा पुढची पसंतीही बाद झालेल्यांनाच दिली. त्या मतांत दुसऱ्या क्रमांकावरच्या सजित प्रेमदासांना अनुरांपेक्षा जास्त वाटा मिळाला, तरी १२.७ लाखांची आघाडी फुटणार कशी? देशाच्या उत्तर आणि पूर्व भागांत मात्र प्रेमदासाच पुढे होते. तिथल्या तमिळ आणि मुस्लिम मतदारांचा कौल वेगळा होता, आणि 'लाट' म्हणताना हे विसरणं मला चूक वाटतं.