फ्रिज वाचला

सर्व्हेअर म्हटलं की लोकांना जमीन मोजणारा वाटतो. मी नुकसान मोजतो. पुरानंतर विमा कंपनी पाठवते तेव्हा मी घरात शिरल्यावर आधी भिंत बघतो. चिखलाची रेघ सगळ्या खोल्यांत सारख्या उंचीवर असते. माणसं सांगतात ती उंची मात्र दर खोलीत बदलते. टेप लावायची आणि कोणती वस्तू रेघेच्या वर होती, कोणती खाली, ते लिहायचं.

२५ जुलै २०२४ ला पुण्यात खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकता नगरीत बोटी फिरल्या. सहाव्या दिवशी मी त्याच पट्ट्यातल्या एका तळमजल्यावर होतो. रेघ २ फूट ३ इंच. पॉलिसी घरमालकाची, भारत गृह रक्षा नावाची घरविम्याची, घर आणि सामान दोन्ही. राहायला कॉलेजची चार पोरं, लातूर-नांदेडकडची.

प्लायची कपाटं फुगून दारं लागत नव्हती. दिवाण गेला, रंग गेला. पण डबल डोअर फ्रिज डायनिंग टेबलावर उभा, वॉशिंग मशीन ओट्यावर. टेबल अडीच फुटांचं, म्हणजे फ्रिज तीन इंचांनी वाचला. मागचं स्टिकर कोरडं, कॉम्प्रेसरवर चिखलाचा ठिपका नाही. वीज आली होती, लावून पाहिला, चालू झाला.

"साहेब, फ्रिजपण लिहा की. पाणी लागलंच असणार," मालक म्हणाले. हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. लिहिला नाही.

"एवढा वर कोणी चढवला?" मी विचारलं.

"आम्हीच, काका. अंधार होता, मोरीतून पाणी वर यायला लागलं. आधी फ्रिज उचलला."

"आणि तुमचं सामान?"

दाराच्या मागे मालकाच्या वस्तूंची यादी चिकटवलेली होती. अकरा महिन्यांच्या करारातलं शेवटचं पान. फ्रिज एक, वॉशिंग मशीन एक, गीझर दोन. खाली ओळ: नुकसान झाल्यास डिपॉझिटमधून वळते. पोरांनी पहाटे ती यादी वाचवली. स्वतःच्या गाद्या जमिनीवरच होत्या, दोन लॅपटॉप उशाशी. आर्किटेक्चरवाल्याच्या शीट्स दिवाणाखाली. त्यानं गुंडाळी उलगडून दाखवली; शाई पसरून सगळं निळं झालेलं, कडेला त्याच्या सरांची लाल सही तेवढी वाचता येत होती.

"काका, आमचं कशात बसेल?"

कशातच नाही. मालकाच्या पॉलिसीत मालकाचं सामान. भाडेकरूला फक्त सामानाची पॉलिसी वेगळी घेता येते, १ एप्रिल २०२१ पासून हीच प्रमाणित पॉलिसी आहे, दोन-तीन लाखांच्या सामानाला हप्ता काही शे रुपयांत. पण एवढ्या हप्त्यात एजंटला कमिशन काय सुटणार? म्हणून कुणी सांगत नाही. माझ्या भाच्याला अमेरिकेत विम्याचा कागद दाखवल्याशिवाय फ्लॅटची किल्ली मिळाली नाही. इथं ब्रोकर पोलीस व्हेरिफिकेशनचे पैसे न चुकता मागतो, विम्याचा शब्द काढत नाही. (साधी चोरी या पॉलिसीत येत नाही, तेही सांगून टाकतो. घरफोडीचा विमा वेगळा, आणि त्यालाही कुलूप तोडल्याची खूण लागते. कडी न लावता झोपलात तर माझ्याकडे येऊ नका.)

शीट्सचं मी त्याला सांगितलंच नाही. त्याची पॉलिसी असती तरी रेखाचित्रं आणि हस्तलिखितं वगळलेल्या यादीत आहेत.

रिपोर्टमध्ये मी एक ओळ टाकली: फ्रिज व वॉशिंग मशीन भाडेकरूंच्या प्रयत्नांमुळे वाचले. कंपनीच्या क्लेम विभागातून फोन आला, "सर, ही ओळ रेलेव्हंट नाहीये, काढू का?" मी ठेवा म्हणालो. ठेवली की नाही, माहीत नाही. कपाटं, दिवाण आणि रंगाचे पैसे मालकाला मिळाले.

दिवाळीनंतर शीट्सवाल्याचा फोन. नवीन फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पॉलिसी कुठून घेऊ विचारत होता. मग म्हणाला, "काका, जुन्या मालकांनी डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले. कापतातच ना?"

रंगाची रक्कम माझ्याच रिपोर्टमध्ये होती. रिपोर्ट कंपनीचा, तिसऱ्या माणसाला सांगता येत नाही. मी थोडा वेळ गप्प राहिलो.

"त्यांच्याकडून रंगाची पावती मागून घे," एवढंच म्हणालो. "आणि विमा मिळाला का, तेही विचार."

"विचारू का?" तो म्हणाला. "रागावतील ना ते."