राखीव ओरिजिन जागे झालेले पाहिले तो दिवस

मोजणीला बसताना स्लाइडवर फक्त 'क' किंवा 'ख' लिहिलेलं असतं. कुठली साध्या पेशींची आणि कुठली औषध दिलेल्या पेशींची, हे मोजणाऱ्याला आधी कळू द्यायचं नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. त्या दिवशी 'क' संपवून 'ख' हातात घेतली आणि पहिल्या काही धाग्यांतच मी मोजणी थांबवून नुसती बघत राहिले.

आम्ही पाहत होतो ते मानवी पेशींमधले डीएनएचे सुटे धागे. पेशी वाढत असताना त्यांना २० मिनिटं थायमिडिन या डीएनएच्या घटकासारखा एक रेणू द्यायचा, पुढची २० मिनिटं तसाच पण दुसरा. पेशीला फरक कळत नाही, नवा डीएनए बनवताना ती तोच वापरून टाकते. मग पेशींचा एक थेंब काचेवर फोडायचा आणि काच किंचित तिरकी धरायची. थेंब सावकाश खाली ओघळतो आणि मागे धागे सरळ ताणलेले राहतात. काच जास्त कलली तर थेंब धावतो आणि धागे तुटतात, कमी कलली तर नुसता गुंता होतो. हे हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. शेवटी या रेणूंना चिकटणाऱ्या अँटिबॉडी लावल्या की पहिल्या २० मिनिटांत तयार झालेला डीएनए लाल चमकतो, नंतरचा हिरवा.

मधे लाल आणि दोन्ही बाजूंना हिरवं दिसलं, तर प्रतिकृतीची सुरुवात तिथून झाली आणि दोन फोर्क, म्हणजे गोफ उलगडून नक्कल करत पुढे सरकणारी टोकं, दोन दिशांना निघाले असं समजायचं. ही जागा म्हणजे ओरिजिन. पट्ट्याच्या लांबीवरून वेग कळतो. या पद्धतीत १ मायक्रॉन म्हणजे डीएनएची सुमारे २,६०० अक्षरं, म्हणजे ओळीनं जोडलेले घटक, आणि मानवी पेशीतला फोर्क मिनिटाला साधारण एक ते दोन हजार अक्षरं पुढे सरकतो.

'ख'मधले पट्टे आखूड होते. फोर्क रखडत होते, म्हणजे हायड्रॉक्सियुरिया दिलेल्या पेशी याच असणार, असा अंदाज कुणीही बांधला असता. डीएनएचा कच्चा माल तयार करणारं एन्झाइमच हे औषध रोखून धरतं. मला खिळवून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. एकाच धाग्यावर, जवळजवळ, तीन ओरिजिन दिसत होते. 'क'मध्ये शेजारच्या दोन ओरिजिनांत लाखभर अक्षरांचं अंतर सहज असायचं, इथे ते निम्म्यावर आलं होतं. पुढच्या धाग्यावरही तेच, त्याच्या पुढच्यावरही.

शेजारी बसलेली विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, माल कमी पडतोय तर पेशीनं कामं कमी करायला हवीत ना? ही तर नवी कामं काढतेय."

प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचं उत्तर आमच्या पेशींच्या जुन्या अडचणीत आहे. आपलं पहिलं गुणसूत्र सुमारे २५ कोटी अक्षरांचं. त्याच्या मधोमध एकच ओरिजिन असता, तर मिनिटाला दीड हजारांच्या वेगानं दोन फोर्कना ते संपवायला जवळजवळ २ महिने लागले असते. प्रत्यक्षात सगळी गुणसूत्रं मिळून काम ८ तासांच्या आसपास उरकतं, कारण हजारो ठिकाणांहून सुरुवात होते. फळमाशीच्या कोवळ्या भ्रूणात तर हे काम ३-४ मिनिटांत होतं. तिथे फोर्क पळत नाहीत, ओरिजिन दाट असतात.

ई. कोलाय या जिवाणूचा मार्ग निराळा. ४६ लाख अक्षरं, एक ओरिजिन, सेकंदाला सुमारे हजार अक्षरांचा वेग. हिशेब ४० मिनिटांच्या आसपास येतो, तरी भरपूर अन्न मिळालं की तो २० मिनिटांत विभागतो. पहिली फेरी संपायच्या आतच तो दुसरी सुरू करतो, त्यामुळे जन्मलेल्या पेशीत तिच्या पुढच्या पिढीची नक्कल आधीच चालू असते. आपल्या पेशीत असं झालं तर अनर्थ. म्हणूनच एमसीएम हे डीएनएचा दुपदरी गोफ उलगडणारं प्रथिन डीएनएवर बसवायचं काम नक्कल सुरू होण्याआधीच संपवलेलं असतं, एकदा नक्कल सुरू झाली की नवं बसवायला मज्जाव. मग मधेच फोर्क अडकले तर? त्यासाठी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जागी एमसीएम आधीच बसवून ठेवलेलं असतं. एरवी त्यातल्या बहुतेक जागा न वापरताच राहतात. 'ख'वर दिसत होते ते हेच राखीव ओरिजिन. वाचून मला हे सगळं ठाऊक होतं, पण असं ओळीनं उजळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी हे आर्किया या, जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या वर्गातल्या एकपेशी जीवांवर काम करणाऱ्या सहकाऱ्याला दाखवलं. त्यानं लगेच हॅलोफेरॅक्स व्होल्कॅनाय समोर आणला. हा मृत समुद्रातला मिठात राहणारा सूक्ष्मजीव. त्याच्या गुणसूत्रावरचे सगळे ओरिजिन काढून टाकले तरी तो जगतो, उलट किंचित जास्त वेगानं वाढतो, हे २०१३ मध्ये सिद्ध झालं. तुटलेला डीएनए जोडणारी यंत्रणाच तिथे नक्कल सुरू करून देते असं दिसतं. "मग तुमच्या पेशींना एवढा थाट कशाला?" त्यानं विचारलं. आम्ही बराच वेळ वाद घातला. या जीवाचं एमसीएम आपल्या एमसीएमचं नातेवाईक आहे. गोफ उलगडण्याचं तेच काम करणारं जिवाणूचं डीएनएबी हे प्रथिन मात्र वेगळ्याच कुळातलं, ते गोफाच्या दोन पट्ट्यांपैकी दुसरीवर बसून उलट्या दिशेनं चालतं. प्रत्येक नव्या रेणूत एक पट्टी जुनी आणि एक नवी, हा मेसेलसन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये दाखवलेला नियम मात्र तिघांनाही लागू. म्हणजे अवजारं आपल्यासारखी असूनही हॅलोफेरॅक्स ओरिजिनवाचून निभावतो. माझं म्हणणं असं की त्याच्याकडे एकाच गुणसूत्राच्या अनेक प्रती असतात, त्यामुळे कुठूनही सुरुवात झाली तरी खपतं. आपल्याला प्रत्येक अक्षर एकदाच आणि नेमकं एकदाच उतरवायचं असतं. सहकाऱ्याला हे पुरेसं वाटलं नाही. पाठ्यपुस्तकांत फोर्कची चित्रं पानभर असतात आणि सुरुवात कुठून व किती वेळा करायची हे दोन ओळींत उरकलेलं असतं, यावर मात्र आमचं एकमत झालं.

संध्याकाळी कोड उघडला. 'ख' हायड्रॉक्सियुरियाचीच निघाली. आता एमसीएम थोडं कमी केलेल्या पेशी लावल्या आहेत. अशा पेशी एरवी नीट वाढतात, औषध दिलं की मात्र फार मरतात, हे आधीच प्रसिद्ध झालेलं आहे. मला त्यांचे धागे पाहायचे आहेत, आणि यावेळी मोजणी विद्यार्थिनी करणार आहे.