आमची वाटचाल : आमची लायब्ररी आणि सिस्टरची वही

1991 साली कल्याण पश्चिमेला गाळा भाड्याने घेऊन लायब्ररी टाकली तेव्हा सगळे म्हणाले, अरे गावात 1864 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, तुझ्याकडे कोण येणार. आले, आणि अजून येतात. 1967 च्या ग्रंथालय कायद्यातलं अनुदान सार्वजनिक वाचनालयांना मिळतं, आमच्यासारख्या खासगी लायब्रऱ्यांनी डिपॉझिट, महिन्याची वर्गणी आणि दिवाळी अंकांची योजना यातूनच भाडं आणि लाइट बिल काढायचं, ते कसं काढतात हे धंद्यातल्यांना सांगायला नको. पण आम्ही टिकलो त्याचं मोठं श्रेय एका सभासदाला आहे आणि ते मी उघड देतो.

त्या बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, सगळे सिस्टरच म्हणतात. पहिल्यांदा 'कोसला' घेऊन गेल्या आणि परत देताना म्हणाल्या, "अर्धं पुस्तक मला त्या पांडुरंगला धरून कामाला लावावंसं वाटत होतं, पण त्याची बहीण मनी देवीने जाते ती पानं ज्याने लिहिली त्याला मी काही बोलणार नाही." देवीच्या रोगाचे पेशंट त्यांनी नोकरीच्या सुरुवातीला स्वतः पाहिलेले. मी लगेच एक दोनशे पानी वही पुढे केली, म्हटलं हे इथे लिहा. तेव्हापासून ती वही काउंटरवर आहे, भरली की नवीन.

त्यांना कथा-कादंबरी आणि चरित्र-इतिहास वेगळ्या रॅकला ठेवलेलं पटायचं नाही. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' वाचून त्यांनी लिहिलं की कर्ज फेडायला दक्षिणा मिळवू म्हणून कोकणातल्या वरसईहून निघालेला साधा भिक्षुक 1857 च्या धुमाळीत सापडतो, घाबरतो आणि घाबरलो म्हणून लिहितो, हे पुस्तक इतिहासात लावलं तर कोणी हात लावणार नाही, ते कादंबऱ्यांत आणा. आणलं, आणि कपाटात पडून असलेलं पुस्तक फिरायला लागलं. 'मृत्युंजय' आणि इरावतीबाई कर्व्यांचं 'युगांत', दोन्ही महाभारतावरची आणि दोन्ही 1967 चीच, सिस्टरचं म्हणणं 'मृत्युंजय'मधला कर्ण फार धुऊन पुसून ठेवलाय, त्यामुळे जो 'मृत्युंजय' परत करेल त्याच्या हातात इरावतीबाई द्यायच्याच. यावरून काउंटरवर भांडणं झालीत, एका काकांनी तर पाच पानं भरून उत्तर लिहिलं. पण भांडायला आलेला माणूस जाताना पुस्तक घेऊन जातो हे मी स्वतः पाहिलंय. 'रणांगण' त्यांनी एका रात्रपाळीत वाचलं, मत दोन ओळींचं, "चक्रधर पळपुटा आहे. हेर्टासाठी वाचा." 'एक होता कार्व्हर'बद्दल लिहिलं की कौतुक जरा कमी केलं असतं तरी माणूस तेवढाच मोठा दिसला असता, आणि तरी दहावीच्या प्रत्येक पोराला तेच द्यायला लावलं. 'बलुतं' अर्धं वाचून परत देणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी दारातून मागे फिरवलं, "शेवटपर्यंत वाचा, मग बोला."

आता 26 जुलै 2005. बातम्यांत सगळीकडे मुंबई, सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊस, कल्याणचं नाव कोणी घेईना, आणि इथे आमच्या गाळ्यात छातीपर्यंत पाणी. ज्यांनी भिजलेली लायब्ररी पाहिली नाही त्यांना सांगतो, पुस्तकं फुगतात आणि रॅकमध्ये इतकी घट्ट बसतात की हाताने निघत नाहीत, लोखंडी रॅकच्या बाजू वाकल्या होत्या आमच्या. आर्ट पेपरची पुस्तकं तर चिकटून वीट होतात, ती गेलीच. मी नुसता बघत उभा होतो, तेवढ्यात सिस्टर आल्या, साडी खोचली आणि दवाखान्यात करतात तसे तीन ढीग सुरू केले. बाजारात नवीन मिळेल ते बाजूला टाक. नवीन मिळणार नाही पण कागद धड आहे ते पहिलं पंख्याखाली. बाकीचं नंतर बघू. "'मृत्युंजय' दुकानात मिळेल रे, ती जुनी प्रवासवर्णनं कुठून आणशील?" कुठलं पुस्तक कशाच्या आधी वाचवायचं हे त्यांना पाठ होतं कारण त्यांनी ती वाचली होती. मी मालक, पण मला नसतं जमलं.

मग बाइंडिंग. पुस्तक दाबायचा शिकंजा, दाभण, मेणदोरा, कॅनव्हासची पट्टी, सगळं घरी आणलं, बायको खळ शिजवायची आणि मी जुज, म्हणजे घडी केलेल्या पानांचे गठ्ठे, शिवायचो. खळीत चिमूटभर मोरचूद टाका, नाहीतर झुरळं आणि कसर लागलीच म्हणून समजा. आणि कृपा करून घरच्या पुस्तकांना चिकटपट्टी लावू नका, दोन-चार वर्षांत पिवळी पडून कागद खाते. पावसाळ्यात प्लास्टिकची कव्हरं काढून ठेवा, आत दमट राहतं.

शिवण चालू असताना कळलं की आमच्याकडेच शिकलेल्या मुलाने दोन गल्ल्या सोडून लायब्ररी उघडली. उघड ना, कोणी अडवलंय. पण आमच्या कार्डांच्या खोक्यातले फोन नंबर उतरवून घेतले आणि सभासदांना सांगितलं की ते आता परत उघडणार नाहीत, आमच्याकडे या, डिपॉझिट नको. हे मी विसरलेलो नाही. निम्म्याहून जास्त लोक गेले, वर डिपॉझिट परत मागायला आमच्याच दारात, आणि मी ते प्रत्येकाचं दिलं, बायकोच्या बांगड्या मोडून दिलं. त्याच्याकडे नवी कोरी पुस्तकं, बहुतेक सगळी इंग्रजी थ्रिलरची भाषांतरं, एकदा वाचली की संपली. कुठलं चांगलं विचारलं तर म्हणायचा सगळीच चांगली आहेत. सिस्टर गेल्या नाहीत. उलट भिजलेली वही त्यांनी घरी नेऊन नव्या वहीत सगळी मतं परत उतरवून काढली, आणि आम्ही उघडलो त्या दिवशी ती काउंटरवर होती. लोक हळूहळू परत आले ते वहीसाठी, कारण तिथे भांडता यायचं. तो मुलगा पुढे मोबाइल रिचार्जच्या धंद्यात गेला.

नंतरची वर्षं ठीक चालली, त्यात विशेष सांगण्यासारखं नाही. नवीन लायब्ररी टाकणाऱ्यांना मात्र एक सांगतो, खालचा कप्पा जमिनीपासून दोन फूट वर घ्या, डिपॉझिटच्या पैशाला हात लावू नका आणि वर्षातून दोन-तीन पुस्तकं अशी घ्या जी फिरणार नाहीत हे माहीत आहे.

सिस्टरचा सध्याचा वाद लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रावरून आहे. लोक संक्षिप्त आवृत्ती मागतात, पटकन होते म्हणून. सिस्टर म्हणतात लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घ्यायचे, हा आजारच होता, आणि बाई ते कुठे चिडून लिहीत नाहीत, हसवत हसवत सांगतात, अशी बाई कापून काय वाचायची. मागच्या आठवड्यात संक्षिप्तच्या दोन प्रती मागवा म्हणून एका सभासदाने वहीत लिहिलं तर त्यांनी खाली लाल पेनाने लिहिलं, "आधी अख्खं वाचा. पानं जास्त वाटली तर मला येऊन सांगा कुठली काढायची." मी पूर्ण आवृत्तीची अजून एक प्रत मागवली आहे, मंगळवारनंतर मिळेल.